नकाशा बरोबर होता : आर्मेरो, पिनाटुबो आणि ज्वालामुखीच्या इशाऱ्याचा इतिहास

१/
१३ नोव्हेंबर १९८५. दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया या देशात रात्री साडेअकराच्या सुमारास आर्मेरो नावाचे गाव चिखलाच्या लोंढ्याखाली गाडले गेले. सुमारे २९,००० वस्तीपैकी जवळजवळ २०,००० माणसे त्या रात्री गेली. आसपासची गावे धरता बळींची संख्या २३,०००च्या वर पोहोचली. असा लोंढा याच गावावरून जाऊ शकतो, हे दाखवणारा नकाशा पाच आठवड्यांपूर्वीच तयार झालेला होता.

२/
त्यानंतर सहाच वर्षांनी, जून १९९१ मध्ये, फिलिपिन्समधील पिनाटुबो पर्वताचा उद्रेक झाला. तो आर्मेरोच्या उद्रेकाहून कितीतरी पटींनी मोठा होता. पर्वताभोवती सुमारे दहा लाख लोक राहत होते. तरीही त्यांतील हजारो माणसे वाचली, कारण ती वेळेवर दूर गेली होती. या सहा वर्षांत नेमके काय बदलले, त्याचा हा धागा.

३/
प्रथम थोडी पूर्वपीठिका. ज्वालामुखी अचानक फुटतो, हा समज फार जुना. पण पूर्वसूचनेच्या नोंदीही तितक्याच जुन्या आहेत. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसने पाँपेई गाडले. धाकट्या प्लिनीने त्याविषयी इतिहासकार टॅसिटसला दोन पत्रे लिहिली. उद्रेकाआधी कित्येक दिवस जमीन हादरत होती, पण त्या प्रदेशात हादरे नेहमीचेच असल्याने कुणी घाबरले नाही, असे तो नमूद करतो. चिन्ह दिसले होते. त्याचा अर्थ लावणारे कुणी नव्हते.

४/
अर्थ लावण्याचे काम संस्थेकडे सोपवले गेले ते १८४१ मध्ये. त्या वर्षी व्हेसुव्हियसच्या उतारावर जगातील पहिली ज्वालामुखी वेधशाळा स्थापन झाली. तिथे लुइजी पाल्मिएरी यांनी १८५६ मध्ये विद्युतचुंबकीय भूकंपमापक बसवला. माणसाच्या पायाला न जाणवणारे हादरे त्यात नोंदले जात. १८७२च्या उद्रेकात लाव्हा वेधशाळेच्या आजूबाजूने वाहत असताना पाल्मिएरी जागा न सोडता नोंदी घेत राहिले.

५/
८ मे १९०२ रोजी कॅरिबियन समुद्रातील मार्टिनिक बेटावर पेले पर्वत फुटला. तप्त वायू आणि राखेच्या झोताने सेंट पिएर हे शहर काही मिनिटांत संपले. सुमारे २८,००० लोक मेले. ते उद्ध्वस्त शहर पाहून आलेल्यांत थॉमस जॅगर हे अमेरिकन भूवैज्ञानिक होते. उद्रेकानंतर धावून जाण्यापेक्षा पर्वताशेजारी कायम वास्तव्य करून त्याच्यावर लक्ष ठेवले पाहिजे, असे त्यांच्या मनाने घेतले. १९१२ मध्ये त्यांनी हवाई बेटावर वेधशाळा उभारली.

६/
या वेधशाळा पाहतात तरी काय? मुख्यतः तीन गोष्टी.
पहिली, हादरे. खोलवरचा वितळलेला खडक, म्हणजे शिलारस, वर सरकताना कठीण खडक फोडतो. त्याचे धक्के तीक्ष्ण आणि आखूड असतात. भेगांतून शिलारस किंवा वायू दाबाने वाहू लागला, की संथ, लांबट कंपने उमटतात. पाण्याच्या नळात हवा अडकली की नळ घुमतो, तसाच हा प्रकार. कोणत्या जातीचे हादरे वाढत आहेत, यावरून आत काय चालले आहे ते कळते.

७/
दुसरी गोष्ट, फुगवटा. शिलारसाला जागा लागते. ती न मिळाल्यास तो डोंगरच फुगवतो. १९८० मध्ये अमेरिकेतील सेंट हेलेन्स पर्वताची उत्तर बाजू दिवसाला सुमारे दीड ते दोन मीटर बाहेर येत होती. १८ मे रोजी ती संपूर्ण बाजू ढासळली आणि पर्वत आडवा फुटला. मृतांची संख्या ५७. त्यांत निरीक्षण चौकीवर असलेले डेव्हिड जॉन्स्टन हे तरुण शास्त्रज्ञही होते. परिसर आधीच बंद केल्यामुळे मोठी हानी टळली. मात्र नेमका क्षण कुणालाच सांगता आला नव्हता.

८/
तिसरी गोष्ट, श्वास. शिलारस पृष्ठभागाजवळ आला की त्यात विरघळलेले वायू सुटू लागतात. सोड्याच्या बाटलीचे झाकण सैल करावे तसे. त्यांतला सल्फर डायऑक्साइड दुरूनही मोजता येतो, कारण तो सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांचा काही भाग शोषतो. विमानातून किंवा मोटारीतून धुराच्या लोटाखालून जायचे आणि किती किरण गाळले गेले ते पाहायचे, अशी ती पद्धत.

९/
या तिन्हींच्या अगोदर येते चौथी गोष्ट, आणि ती इतिहासाच्या अभ्यासकाची आहे: हा पर्वत पूर्वी कसा वागला होता? याचे उत्तर जुन्या कागदांत असते, नाहीतर मातीच्या थरांत. आर्मेरोची कथा इथूनच सुरू होते.

१०/
आर्मेरोजवळचा पर्वत म्हणजे नेवाडो देल रुईस. उंची ५,३०० मीटरहून अधिक. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ असूनही माथ्यावर कायमचे बर्फ. धोका त्या बर्फातच होता. उद्रेक लहान का असेना, त्याच्या उष्णतेने बर्फ वितळले तर पाणी, राख, दगड आणि माती एकत्र होऊन दरीतून ओल्या काँक्रीटसारखा लोंढा धावत सुटतो. त्याला ‘लाहार’ म्हणतात. हा शब्द जावा बेटावरून जगभर गेला.

११/
रुईसने हे पूर्वी दोनदा केले होते. १५९५च्या उद्रेकात नद्यांमधून चिखल आला, शेकडो माणसे मेली. पेद्रो सिमोन या स्पॅनिश धर्मोपदेशकाने त्याचा वृत्तान्त लिहून ठेवला. १८४५ मध्ये लागुनिया नदीच्या खोऱ्यात पुन्हा लोंढा उतरला. त्यात सुमारे १,००० जण दगावले. त्याची माहिती होआकीन आकोस्ता यांनी नोंदवली. पुढे लोंढ्याने आणलेल्या त्याच सुपीक गाळावर वस्ती उभी राहिली, शेती बहरली. त्या वस्तीचे नाव आर्मेरो.

१२/
१९८४च्या अखेरीस रुईस पुन्हा हादरू लागला. पुढच्या वर्षी तिथे काही भूकंपमापक बसवले गेले. परंतु त्यांच्या नोंदी आजच्यासारख्या तत्क्षणी केंद्रावर येत नव्हत्या; त्या गोळा करून आणाव्या लागत, मग त्यांचे वाचन होई. ११ सप्टेंबर १९८५ रोजी वाफेचा मोठा स्फोट झाला आणि एक लाहार सुमारे २७ किलोमीटर खाली आला. पर्वताने जणू रंगीत तालीमच करून दाखवली होती.

१३/
७ ऑक्टोबरला कोलंबियाच्या भूवैज्ञानिकांनी धोक्याचा नकाशा सादर केला. लाहार कुठल्या खोऱ्यांतून जातील ते त्यात दाखवले होते आणि आर्मेरो त्या पट्ट्यात होते. त्यावर टीका झाली ती घबराट पसरवल्याची. जमिनींचे भाव पडतील, व्यापार बसेल, ही चिंता अनेकांना अधिक जवळची वाटली. नकाशाच्या प्रती थोड्या निघाल्या; वृत्तपत्रातून तो लोकांपुढे आला तोही चुकांसह.

१४/
अधिकाऱ्यांचा संकोच सर्वस्वी निराधार होता, असेही म्हणता येत नाही. १९७६ मध्ये कॅरिबियनमधील ग्वादेलूप बेटावर सुफ्रिएर ज्वालामुखीच्या भीतीने ७०,०००हून अधिक लोकांना कित्येक महिने घराबाहेर काढण्यात आले. मोठा उद्रेक झालाच नाही. फ्रान्समधील नामवंत शास्त्रज्ञ उघडपणे एकमेकांशी भांडले. बेटाचे अर्थकारण कोलमडले ते वेगळेच. खोट्या ठरलेल्या इशाऱ्याची किंमत काय असते, ते जगाने पाहिले होते.

१५/
त्यात कोलंबिया निराळ्याच संकटात होता. ६ नोव्हेंबर १९८५ रोजी राजधानी बोगोटामधील न्यायमंदिरावर सशस्त्र गटाने कब्जा केला; लष्करी कारवाईत सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांसह सुमारे शंभर जण मारले गेले. देश त्या धक्क्यातून सावरलाही नव्हता. बर्फाच्छादित डोंगराकडे पाहायला कुणाला सवड नव्हती.

१६/
१३ नोव्हेंबरच्या दुपारनंतर आर्मेरोवर राख पडू लागली. रेडिओवरून शांत राहण्याचे आवाहन झाले. संध्याकाळी गाव रिकामे करण्याची भाषा निघाली, तोच राख थांबली आणि विषय मागे पडला. वादळी पाऊस सुरू झाला. माथा ढगांत गुरफटला. रात्री ९ वाजून ८ मिनिटांनी मुख्य उद्रेक झाला. खाली गावात बहुतेकांना तो दिसलाच नाही.

१७/
माथ्यावरील बर्फापैकी सुमारे दहावा हिस्साच वितळला, पण तेवढा पुरला. लोंढ्यांनी वाटेतील माती आणि दगड ओढून घेत स्वतःला वाढवले. सुमारे ७० किलोमीटरचा नागमोडी मार्ग कापून ते आर्मेरोला पोहोचले. उद्रेक आणि आघात यांत दोन तासांहून अधिक अवधी होता. गावाच्या कडेला उंच जागा होत्या. पळायला वेळ होता, जागाही होती. पळा, असे वेळेवर आणि विश्वासाने सांगणारे कुणी नव्हते.

१८/
ओमायरा सांचेस ही तेरा वर्षांची मुलगी ढिगाऱ्यात कमरेपर्यंत अडकून तीन दिवस जिवंत होती. तिला सोडवण्याची साधने वेळेत मिळाली नाहीत. छायाचित्रकार फ्रँक फूर्निए यांनी टिपलेला तिचा चेहरा जगभर गेला. पुढे बॅरी व्होइट या भूवैज्ञानिकाने या आपत्तीचा सविस्तर अभ्यास केला. यंत्रांच्या अपयशापेक्षा चुकलेले अंदाज, दिरंगाई आणि प्रशासनाची अल्पदृष्टी यांनी हे गाव बुडाले, असा त्याचा निष्कर्ष होता.

१९/
आर्मेरोनंतर दोन गोष्टी घडल्या. १९८६ मध्ये अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने आणि परदेश-साहाय्य विभागाने मिळून एक फिरते पथक उभारले. कोणत्याही देशाने बोलावताच पेट्यांत भरलेली यंत्रे घेऊन ते निघत असे. दुसरी गोष्ट म्हणजे मॉरिस क्राफ्ट या फ्रेंच ज्वालामुखीतज्ज्ञाची चित्रफीत. लाहार म्हणजे काय, तप्त राखेचा झोत म्हणजे काय, हे त्याने शब्दांऐवजी थेट दृश्यांतून दाखवले.

२०/
आता फिलिपिन्स. मनिलाच्या वायव्येस सुमारे ९० किलोमीटरवर पिनाटुबो. दाट जंगलाने झाकलेला आणि जवळजवळ पाचशे वर्षे निजलेला हा डोंगर ज्वालामुखी असल्याचेही बहुतेकांच्या ध्यानी नव्हते. उतारांवर आएटा हे आदिवासी राहत. मार्च १९९१ पासून त्यांना हादरे जाणवू लागले. २ एप्रिलला वाफेच्या स्फोटांनी सुमारे दीड किलोमीटर लांबीची भेग उघडली. फिलिपिन्सच्या ज्वालामुखी संस्थेचे संचालक रेमुंडो पुनोंगबायान यांनी तत्काळ यंत्रे पाठवली. एप्रिलअखेर क्रिस न्यूहॉल आणि त्यांचे अमेरिकन सहकारी येऊन मिळाले.

२१/
इथे पेद्रो सिमोन नव्हता. लिखित वृत्तान्त कोणताच नव्हता. मग शास्त्रज्ञांनी डोंगराचाच दप्तरखाना उघडला. जुन्या राखेच्या थरांत सापडलेल्या कोळशाचे वय काढले. निष्कर्ष भयंकर होता. पिनाटुबो क्वचित फुटतो. पण फुटतो तेव्हा दूरवरच्या दऱ्या भरून टाकतो. त्या थरांवरून धोक्याचा नकाशा काढला गेला. अमेरिकेचा क्लार्क हवाई तळ पर्वतापासून २५ किलोमीटरच्या आत होता.

२२/
नकाशाबरोबर लोकांना समजेल अशी भाषाही ठरवली गेली. १३ मे रोजी धोक्याच्या पाच पायऱ्या जाहीर झाल्या. पायरी तीन म्हणजे दोन आठवड्यांत उद्रेक संभवतो. पायरी चार म्हणजे चोवीस तासांत. पायरी पाच म्हणजे उद्रेक सुरू. शक्यतेच्या आकड्यांची क्लिष्ट चर्चा शास्त्रज्ञांनी आपसांत केली. गावच्या प्रमुखापुढे मात्र एकच अंक ठेवला.

२३/
तरीही अविश्वास होताच. काहींच्या मते ही अफवा होती. भूऔष्णिक विजेसाठी डोंगरात विहिरी खोदल्यामुळे आपला देव आपो नामाल्यारी कोपला, अशी अनेक आएटांची श्रद्धा होती. तेव्हा क्राफ्टची चित्रफीत कामी आली. तिची संकलन पूर्ण न झालेली प्रतच लष्करी अधिकारी, स्थानिक नेते आणि गावकरी यांना दाखवली गेली. आर्मेरोचे चित्र पाहिल्यावर वाद पुष्कळसा निवळला.

२४/
दरम्यान यंत्रे बोलत होती. १३ मे रोजी दिवसाला सुमारे ५०० टन असलेला सल्फर डायऑक्साइड २८ मेपर्यंत ५,००० टनांवर गेला. मग अचानक घसरून ५ जूनला ३०० टनांच्या खाली आला. डोंगर शांत होतोय, असे कुणी म्हणाले असते. पण शिखरापासून पाच किलोमीटर दूर होणारे हादरे आता शिखराखाली सरकले होते. वाट बुजून दाब वाढतो आहे, असा अर्थ लावून त्याच दिवशी पायरी तीन जाहीर झाली.

२५/
७ जूनला शिखराजवळ लाव्हाचा घुमट वर आला; पायरी चार. ९ जूनला पायरी पाच. १० जूनला क्लार्क तळावरून सुमारे १५,००० जण मोटारींच्या ताफ्यांतून सुबिक उपसागराकडे गेले. १२ जूनच्या सकाळी पहिला मोठा स्फोट झाला; राखेचा स्तंभ सुमारे १९ किलोमीटर चढला. रिकामे करण्याचा पट्टा १० वरून २०, मग ३० आणि शेवटी ४० किलोमीटरपर्यंत वाढवला गेला.

२६/
१५ जून रोजी दुपारी पर्वताने शिखरच उडवून दिले. राख सुमारे ३५ किलोमीटर उंचीवर गेली. त्याच वेळी युन्या हे चक्रीवादळ डोक्यावरून जात होते. एकेक भूकंपमापक बंद पडत गेला, तसे शास्त्रज्ञांनाही क्लार्क सोडावे लागले. पावसाने भिजलेली राख छपरांवर साचली आणि घरे कोसळली. उद्रेकातील बहुतेक मृत्यू असेच झाले. त्या उद्रेकाच्या गंधकयुक्त धुक्याने पुढील वर्षी पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरले.

२७/
हा विजय निर्भेळ नव्हता. निर्वासितांच्या छावण्यांत गोवर आणि इतर आजारांनी आएटांची अनेक मुले दगावली. लाहार पुढे कित्येक वर्षे गावे गाडत राहिले. तरीही इशाऱ्यामुळे निदान ५,००० प्राण वाचले, असा दोन्ही देशांच्या शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. मॉरिस क्राफ्ट मात्र हे पाहायला नव्हता. ३ जून १९९१ रोजी जपानमधील उनझेन ज्वालामुखीच्या झोतात ४३ जण मेले. त्यांत तो आणि त्याची पत्नी कातिया ही दोघे होती. हॅरी ग्लिकेन हाही तिथेच गेला. १९८०च्या त्या मे महिन्यात सेंट हेलेन्सच्या चौकीवर त्याच्या जागी जॉन्स्टन थांबला होता.

२८/
आज उपग्रह जमिनीचा काही सेंटिमीटरांचा फुगवटाही टिपतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये आइसलँडचे ग्रिंडाविक गाव रातोरात रिकामे झाले. उद्रेक महिन्याभराने झाला. परंतु २०१४ मध्ये जपानच्या ओंताके पर्वतावर धोक्याची पायरी सर्वांत खालची असताना वाफेचा स्फोट झाला आणि ६३ गिर्यारोहक मृत वा बेपत्ता झाले. काही पर्वत आजही फारसे न कळवता फुटतात.

२९/
वाचकहो, आर्मेरो आणि पिनाटुबो यांतील फरक केवळ यंत्रांचा नाही. पिनाटुबोवर यंत्रे अधिक चांगली होती, हे खरेच. पण आर्मेरोचा नकाशाही बरोबर होता आणि त्यामागचा इतिहास तर १५९५ पासून कागदावर होता. तो इतिहास ज्यांच्या दारावरून जाणार होता, त्यांच्यापर्यंत त्यांच्या भाषेत पोहोचला नाही. पिनाटुबोच्या शास्त्रज्ञांनी मोजण्याइतकेच सांगण्यालाही विज्ञानाचा भाग मानले.

३०/
आर्मेरो पुन्हा वसवले गेले नाही. चिखल वाळून घट्ट झालेल्या जमिनीवर आज झाडी आहे आणि जागोजागी क्रूस उभे आहेत. जुन्या बखरी, शिलालेख, गाळाचे थर वाचण्याची ज्यांना आवड आहे, त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे: जुनी नोंद वाचून थांबू नये, आज तिथे कोण राहते तेही पाहावे. (समाप्त)